संगणकाला न दिसणारी हार्ड डिस्क आणि वाचनालयाचे दप्तर

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: आमच्या तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय असून मी त्याची कार्यवाह आहे. समितीची जुनी इतिवृत्ते, देणगीदारांच्या नोंदवह्या आणि जीर्ण झालेले मासिकांचे अंक आमच्या कार्यकर्त्यांनी स्कॅन करून दोन टेराबाइटच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर साठवले होते. मागच्या महिन्यात फाइली कॉपी होत असताना वीज गेली. तेव्हापासून वाचनालयाच्या संगणकाला डिस्क जोडली की तिचा दिवा लागतो, आत काही फिरल्याचा बारीक आवाज येतो, पण ‘दिस पीसी’मध्ये ती दिसत नाही. एका कार्यकर्त्याच्या लॅपटॉपला जोडली तेव्हा ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला आणि आम्ही घाबरून ‘कॅन्सल’ दाबले. कोणी म्हणतात, फॉरमॅट करा, मग सॉफ्टवेअरने सगळे परत मिळते. दुकानदार म्हणतात, डबी उघडून आतली डिस्क सरळ संगणकाला जोडू. तिसरा सल्ला रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवण्याचा आहे. दुसरी प्रत कोठेही नाही. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्याभरात या डिस्कच्या बाबतीत जे काही करण्यात आले, त्यात सर्वांत शहाणपणाची कृती म्हणजे आपण घाबरून दाबलेले ‘कॅन्सल’ होय. तोच सावधपणा आणखी थोडा वाढवावा आणि हे उत्तर पूर्ण वाचून, समितीत बोलणे होऊन, पुढचे काम कोणी करायचे हे ठरेपर्यंत डिस्क कोणत्याही संगणकाला जोडू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. नुसत्या पडून राहिलेल्या डिस्कवरचा मजकूर आठ-पंधरा दिवसांत आपोआप नाहीसा होत नाही. बहुतेक वेळा तो जातो तो मागाहून उत्साहाने केलेल्या दुरुस्त्यांमुळे.

आपल्या पत्रातील एका तपशिलाने मला बराच धीर आला. लॅपटॉपने फॉरमॅटचा संदेश दाखवला, याचा अर्थ त्या क्षणी डिस्कला वीज मिळत होती, केबलमधून माहितीची ये-जा चालू होती, डिस्कने आपली ओळख लॅपटॉपला दिली होती आणि विंडोजने तिला एक ड्राइव्ह लेटरही (डी, ई असे ओळखीचे अक्षर) दिले होते. अडले ते त्यापुढे. कोणती फाइल डिस्कवर नेमकी कोठे आहे याची यादी डिस्कच्याच एका भागात लिहिलेली असते आणि तीच विंडोजला वाचता आली नाही. वाचनालयापुरते सांगायचे, तर दाखलनोंदवहीची काही पाने फाटली आहेत आणि नवा लेखनिक, नोंदी लागत नाहीत म्हणून सगळी कपाटे रिकामी धरून, कोरी वही सुरू करण्याची परवानगी मागतो आहे. पुस्तके बहुधा कपाटातच आहेत. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की यादी वाचता न येण्यामागे दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. वीज गेल्यामुळे ती अर्धवट लिहिली गेली असेल, किंवा डिस्कचा तेवढा पृष्ठभागच आता नीट वाचला जात नसेल. पहिले कारण असेल तर काम गावातल्या गावात होण्याजोगे आहे आणि दुसरे असेल तर त्याला हात न लावणेच बरे. पुढची सगळी तपासणी या दोहोंतले कोणते कारण खरे, हे ओळखण्यासाठी आहे.

मग वाचनालयाच्या संगणकावर तो संदेशसुद्धा का उमटत नाही? येथे संशय आधी पोर्टवर आणि केबलवर घ्यावा. अडीच इंची पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो आणि तिची मोटर यूएसबीतून येणाऱ्या पाच व्होल्टच्या विजेवरच फिरते. प्रमाणानुसार यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर एवढा विद्युतप्रवाह पुरवणे अपेक्षित असते, परंतु थांबलेली मोटर वेग घेते त्या सुरुवातीच्या काही सेकंदांत अशी डिस्क एक अँपिअरच्या आसपास प्रवाह मागू शकते. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि ती वायर हलक्या प्रतीची किंवा सैल असली, की दिवा लागण्याइतकी वीज पोहोचते, मात्र मोटर पूर्ण वेगाला जाऊन डिस्क बोलू लागण्याइतकी पोहोचत नाही. म्हणून डिस्क नेहमी कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या पोर्टला, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन केबल न घालता, थेट जोडावी.

केबलच्या बाबतीत एक घोटाळा फार ठिकाणी होतो. या डिस्कला जे चपटे, रुंद, दोन कप्प्यांचे सॉकेट असते, त्याच्या मोठ्या कप्प्यात जुन्या मोबाइलच्या चार्जरची मायक्रो यूएसबी पिनही बरोबर बसते. मूळ केबल हरवली की कोणीतरी तीच लावून टाकतो. चार्जिंगसाठीच्या कित्येक स्वस्त केबलींमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच, फक्त विजेच्या असतात. त्यामुळे दिवा लागतो, डिस्क फिरते आणि संगणकाला काही जोडले गेल्याचा पत्ताही लागत नाही. आपण वर्णन केलेली लक्षणे हुबेहूब अशीच आहेत, तेव्हा त्या दिवशी लॅपटॉपला कोणती केबल लावली होती आणि वाचनालयात कोणती लावली जाते, एवढे विचारून घ्यावे. शक्य असल्यास त्याच प्रकारची, चांगल्या प्रतीची नवी केबल आणावी. आपल्याकडच्या दमट हवेत सॉकेटमधल्या पट्ट्यांवर गंजाची पुटी चढते हेही लक्षात ठेवावे, पण ती पिनेने खरवडण्याच्या भरीस पडू नये.

ड्रायव्हरविषयी, म्हणजे जोडलेले उपकरण विंडोजला चालवता यावे म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमविषयी, मी येथे फारसे लिहीत नाही. यूएसबी डिस्कसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसला, तर तेथून ती ‘अनइन्स्टॉल’ करून पुन्हा जोडणे एवढे पुरते. डिस्कवरच्या मजकुराला त्याने धक्का लागत नाही. ‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारे फुकट प्रोग्रॅम मात्र उतरवून घेऊ नयेत.

आता प्रत्यक्ष तपासणी. ती एकदाच, शांतपणे आणि शक्यतो बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर करावी, म्हणजे मध्येच पुन्हा वीज गेली तरी बिघडणार नाही. डिस्क टेबलावर सपाट ठेवावी, जोडल्यानंतर हलवू नये, आणि पडद्याकडे पाहण्याआधी कान द्यावा. एकसारखी मंद घरघर आणि अधूनमधून हलकासा टक् असा आवाज येणे सर्वसाधारण आहे. परंतु ठरावीक अंतराने टक्-टक्-टक् होत राहून डिस्क थांबत असेल, किंवा पिपाणीसारखा बारीक, तुटक आवाज येऊन काहीच फिरत नसेल, तर केबल ताबडतोब काढावी आणि ती डिस्क वाचनालयात पुन्हा जोडूच नये. पहिल्या आवाजाचा अर्थ बहुतेक वेळा वाचणाऱ्या हेडला जागा सापडत नाही असा असतो, तर दुसऱ्याचा अर्थ हेड तबकडीला चिकटून मोटर अडकली असा असतो. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावरून धावत असते. ते अंतर इतके कमी आहे की बिघडलेल्या हेडची प्रत्येक जादा फेरी तबकडीवरचा मजकूर कायमचा खरवडू शकते.

आवाज ठीक असेल तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. ‘दिस पीसी’ डिस्कचे केवळ ड्राइव्ह लेटर मिळालेले भाग (पार्टिशन) दाखवते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याखालची स्थिती दिसते, म्हणून एक जागी नसलेली डिस्क दुसऱ्या जागी असू शकते. हा पडदा उघडायलाच कित्येक मिनिटे लागत असतील, तर डिस्क वाचताना झगडते आहे असे समजून तपासणी तेथेच थांबवावी. पडदा लगेच उघडला तर खालच्या अर्ध्या भागात आपल्या डिस्कची ओळ शोधावी. दोन टेराबाइटची डिस्क तेथे १८६३ जीबीच्या आसपास दिसते, कारण कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. या फरकाने घाबरू नये.

त्या ओळीत काय लिहिले आहे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. भाग ‘हेल्दी’ आहे पण त्याला अक्षर नाही, असे असेल तर उजवी क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्यावे आणि देवाचे आभार मानावेत. कधी कधी नेटवर्कवरच्या एखाद्या फोल्डरला तेच अक्षर आधी दिलेले असते आणि एवढ्यानेच डिस्क अडून बसते. ‘ऑफलाइन’ असेल तर ‘ऑनलाइन’ करावी. फॉरमॅटच्या संदेशावरून माझा अंदाज असा आहे की आपल्याला तेथे ‘रॉ’ हा शब्द दिसेल. त्याचा अर्थ भाग जागेवर आहे, आतली रचना ओळखू येत नाही, एवढाच आहे. ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसले आणि विंडोजने आपण होऊन ‘इनिशियलाइज’ करण्याची चौकट पुढे केली, तर तीही रद्द करावी, कारण त्या कृतीने डिस्कच्या प्रारंभीच्या भागावर नवा मजकूर लिहिला जातो. डिस्कचे नाव दिसते पण आकारच दिसत नाही, किंवा ‘नो मीडिया’ असे येते, तेव्हा डबीतले यूएसबी सर्किट बोलत असते आणि आतली डिस्क गप्प असते. असे झाल्यास घरगुती उपाय संपले.

यापुढे जो कोणी जो काही उपाय सुचवेल, त्याला एकच प्रश्न विचारावा, की यात या डिस्कवर काही लिहिले जाणार आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ असे आले, तर तो उपाय मूळ डिस्कवर करू द्यायचा नाही. विंडोजची ‘चेकडिस्क’ ही सोयही या नियमाला अपवाद नाही. तिचे काम रचना सुसंगत करणे हे आहे, आणि ते करताना ज्या तुकड्यांचा मालक तिला सापडत नाही, ते ती ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी करून टाकते. ‘रॉ’ झालेल्या भागावर तर ती चालतच नाही.

आपल्याला मिळालेल्या तीन सल्ल्यांकडे याच नियमाने पाहावे. फॉरमॅट करून मग फाइली परत मिळवण्याची युक्ती कधी कधी यशस्वी होते, म्हणूनच ती इतकी पसरली आहे. ‘क्विक फॉरमॅट’ जुन्या यादीच्या जागी नवी कोरी यादी लिहितो, म्हणजे नावे आणि फोल्डर सांगणारा जो भाग आपल्याला सर्वांत जास्त हवा आहे त्याचाच काही अंश पुसतो. ‘क्विक’पुढची खूण चुकून निघाली तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो आणि त्यानंतर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही. शिवाय अलीकडच्या काही पोर्टेबल डिस्का अशा आहेत, की जागा मोकळी झाल्याची सूचना विंडोजकडून मिळताच त्या जागी रिकामेपणाच दाखवतात. फाइली वाचवण्यासाठी फॉरमॅटची मुळात गरजच नसते. ज्या सॉफ्टवेअरचा ते हवाला देतात, ते फॉरमॅट न केलेल्या डिस्कवरही तितकेच, किंबहुना अधिक चांगले चालते.

दुकानदारांचा सल्ला निदान तर्काला धरून आहे, कारण कित्येकदा डबीतले सर्किटच मेलेले असते आणि आतली डिस्क धडधाकट असते. अडचण अशी, की आजच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचे सॉकेट डिस्कच्या मुख्य सर्किट बोर्डवरच डाग देऊन बसवलेले असते आणि उघडल्यावर संगणकाला थेट जोडण्यासारखे काही सापडतच नाही. काही बनावटींत तर आपण पासवर्ड ठेवला नसला तरीही सर्व मजकूर त्या सर्किटमधून सांकेतिक होऊन लिहिला जातो, आणि सर्किट वेगळे केले की आत केवळ निरर्थक आकडे उरतात. बोर्ड बदलून देतो असे कोणी म्हटले तरी हो म्हणू नये, कारण त्या एका डिस्कपुरती मोजमापे जुळवलेली चिप बोर्डवर असते आणि ती नव्या बोर्डवर हलवल्याशिवाय त्याच मॉडेलचा दुसरा बोर्डही बहुधा चालत नाही. डबीच्या आतल्या डिस्कचे धातूचे झाकण उघडण्याचा विषय तर दुकानात निघताच कामा नये. फ्रीजरच्या सल्ल्यासाठी मी एवढेच म्हणेन, की कोकणातल्या हवेत थंडगार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर काय जमते, ते कोणालाही सांगावे लागत नाही.

डिस्क स्पष्ट दिसते आहे, आकार बरोबर आहे, आवाज सरळ आहे आणि स्थिती ‘रॉ’ आहे, असे धरून आता खऱ्या कामाकडे येतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदी दिसतात. त्यांपैकी बदलून टाकलेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा लहानात लहान कप्पा), निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर आणि न वाचता आलेले सेक्टर या तीन ओळी पाहाव्यात. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर दोष वीज गेल्याचा, असे मानायला हरकत नाही. काही डब्यांची सर्किटे या नोंदी पुढे पाठवत नाहीत, तेव्हा काहीच न दिसल्यास त्यावरून बरेवाईट अनुमान काढू नये.

यानंतर तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या क्षमतेची नवी डिस्क विकत घ्यावी. समितीला हा खर्च मंजूर करावाच लागेल. जुन्या डिस्कची सेक्टरमागून सेक्टर अशी हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढायची आणि फाइली शोधण्याचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. यासाठी लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी एक मोफत संगणकप्रणाली) चालणारे ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारा भाग मागे ठेवते आणि कोठवर आलो याची नोंद ठेवत असल्याने मध्ये खंड पडला तरी तेथून पुढे चालू करता येते. मात्र त्याच्या आज्ञेत मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची नावे उलटी पडली, तर कोऱ्या डिस्कची प्रत आपल्या दप्तरावर उमटेल. म्हणून लिनक्सवर रोजचा हात असलेली व्यक्ती, जवळपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखादा प्रयोगशाळा साहाय्यक वगैरे, शोधावी आणि एंटर दाबण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी नावे ताडून पाहावीत. दोन टेराबाइटच्या प्रतीला कित्येक तास लागतात.

प्रत हाती आल्यावर ‘टेस्टडिस्क’ हे बिघडलेली रचना पुन्हा लावणारे साधन वापरावे. डिस्कवर फाइली मांडण्याच्या एनटीएफएस आणि एक्सफॅट या दोन पद्धती विंडोजमध्ये नेहमी आढळतात. एनटीएफएस पद्धतीच्या भागात प्रारंभीच्या सेक्टरची एक राखीव प्रत भागाच्या अगदी शेवटी असते आणि एक्सफॅटमध्येही अशी राखीव प्रत ठेवलेली असते. नुकसान तेवढ्यापुरते असेल तर टेस्टडिस्क ती राखीव प्रत वापरून सगळी रचना, फोल्डरांच्या नावांसह, पुन्हा उभी करू शकते. एनटीएफएस आपल्या रचनेतल्या बदलांची रोजनिशी ठेवते आणि एक्सफॅट ठेवत नाही, त्यामुळे आपली डिस्क एनटीएफएसची असल्यास आशा अधिक. हे जमले नाही तरच त्याच्या जोडीच्या ‘फोटोरेक’कडे वळावे. ते जेपीईजी, टिफ, पीडीएफ अशा फाइली त्यांच्या आरंभीच्या खुणेवरून ओळखून बाहेर काढते, पण नावे आणि फोल्डर हरवतात. हजारो पाने निघतील आणि कोणते पान कोणत्या वर्षाच्या इतिवृत्ताचे, हे एकेक उघडून लावावे लागेल. वाचनालयाकडे तेवढी चिकाटीची माणसे असतात, म्हणून मी हा मार्ग अशक्य म्हणत नाही.

आवाज वाईट असेल, आकार दिसत नसेल, किंवा प्रत काढताना न वाचता येणारे सेक्टर सारखे वाढत जात असतील, तर डिस्क धूळमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच द्यावी. मोठ्या शहरांत अशी सेवा मिळते आणि ती स्वस्त नसते. देताना अंदाजपत्रक लेखी घ्यावे, काही न मिळाल्यास किती पैसे द्यायचे हे विचारून घ्यावे, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पाहिल्यावरच पूर्ण रक्कम देण्याचे ठरवावे. डिस्क वॉरंटीत असली तरी आधी वॉरंटीकडे धावू नये. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यावरच्या मजकुराची हमी नसते, आणि दिलेली जुनी डिस्क सहसा परत येत नाही.

सुटका झाल्यावर संगणकाला यूपीएस घ्यावा आणि दप्तराच्या तीन प्रती ठेवाव्यात. दोन वेगवेगळ्या डिस्कांवर आणि एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर, एखाद्या विश्वस्तांच्या घरी किंवा क्लाउडवर. वर्षातून दोनदा प्रत्येक प्रत उघडून पाहण्याचे काम कोणाकडे आहे, ते इतिवृत्तात नावानिशी लिहून ठेवावे.

आपल्या पत्राच्या ताज्या कलमात आपण विचारले आहे, की स्कॅनिंग पूर्ण झाल्याने मूळ जीर्ण वह्या रद्दीत काढण्याचा विषय पुढच्या बैठकीत ठेवला आहे, तो या प्रकारामुळे पुढे ढकलावा का. तो विषय कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकावा. ज्या वह्यांमधल्या नोंदी दुसरीकडे कोठेही नाहीत त्या आम्लमुक्त कागदात गुंडाळून, जमिनीपासून उंचावरच्या कोरड्या कपाटात ठेवाव्यात. फाइली परत मिळाल्या नाहीत, तर निदान स्कॅनिंग पुन्हा करता येईल.